रिपोर्टात नॉर्मल, धमनीत मुक्काम: एलडीएल कणाला खुले पत्र

एलडीएल कणा,

पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला तो मान मिळणार नाही. ज्या बायकांच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे सगळं घर पाहत होतं, त्यांच्याच हृदयाच्या धमन्यांत तू त्या काळात बिऱ्हाड केलंस आणि कागदावर मात्र निर्दोष आकडा दाखवत राहिलास. तुझ्याविरुद्ध बरंच लिहून झालं आहे, पण ते सगळं वैद्यकीय नियतकालिकांत आणि परिषदांत. ज्यांच्या अंगात तू हिंडतोस त्यांच्यापर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं. म्हणून हे उघडं पत्र, मराठीत, चौकहून.

चौक तुला अनोळखी नाही. भाईंदरहून उत्तनचा रस्ता धरला आणि उत्तनही मागे टाकलं की जमीन जिथे संपते ते हे कोळ्यांचं गाव. एका अंगाला समुद्र, समोर वसईची खाडी, पलीकडे वसईचा किल्ला. बोटी लागल्या की बायकांचे हात बर्फात जातात. मासळी निवडायची, टोपल्या भरायच्या, आणि बोंबील सुकवायचे तर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूवर टाकायचे. हे जबडे अडकवणं नुसत्या बोटांच्या टोकांचं काम आहे. पहाटे उठल्यावर तासभर मूठ वळत नसेल, बोटांची मधली पेरं आणि मनगटं दोन्ही हातांना सारखीच सुजलेली असतील, तर पहिल्यांदा हेच काम सुटतं. घरचे म्हणतात, ‘बर्फाचा वात धरला.’ वर्ष-दोन वर्षं तेल चोळण्यात आणि दुखण्याच्या गोळ्यांत जातात. मग कोणीतरी रक्त तपासतं आणि आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसचं निदान होतं.

हा आजार बर्फाने होत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, म्हणून तो होतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटी-तिपटीने जास्त होतो, आणि पुष्कळदा ऐन कामाच्या वयात. महाराष्ट्राने त्याची मोजणी फार आधी केली आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ तपासले गेले. त्यात आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. तेच प्रमाण राज्यभर धरलं तर लाखो माणसं होतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या सांध्यांवर डॉक्टरांची नजर असताना धमन्यांवर तुझी होती.

आता तुझी ओळख जाहीर करते, कारण तुझ्याबद्दलच्या गैरसमजांवरच तू जगतोस. लोक तुला ‘कोलेस्टेरॉल’ म्हणतात. कोलेस्टेरॉल हा तू वाहतोस तो माल. पेशींच्या आवरणाला तो लागतो, संप्रेरकं बनवायला लागतो, त्याच्यावर माझा आरोप नाही. तू म्हणजे तो माल भरलेला गोळा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले वीस-बावीस भाग एवढा तुझा व्यास. तुझ्या अंगाभोवती एपोबी नावाचं एकच प्रथिन गुंडाळलेलं असतं. एका कणाला एक, जास्त नाही, कमी नाही. म्हणून रक्तातलं एपोबी मोजलं की तुझी आणि तुझ्या धोकादायक भाऊबंदांची डोकी मोजली जातात. नेहमीच्या रिपोर्टात मात्र तुझी डोकी मोजत नाहीत, तू वाहिलेला माल तोलतात. लहान, दाट कणांत माल थोडा मावतो. तेव्हा माल तेवढाच आणि कण पुष्कळ, अशी स्थिती असू शकते, आणि आपल्या भारतीयांच्या रक्तात ती वारंवार सापडते. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, हृदयविकाराच्या झटक्याशी सर्वांत घट्ट नातं एपोबी आणि ‘चांगल्या’ एचडीएलवरचं एपोए-वन यांच्या गुणोत्तराचं निघालं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या सुमारास येत होता, इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. तुझी शरीराला गरज आहे, हा बचावही फार चालणार नाही. नवजात बाळाच्या रक्तात तुझं प्रमाण तीसच्या आसपास असतं, आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. मोठेपणी जे शंभर-सव्वाशे होतं, त्यातला बराचसा भाग फाजील आहे.

धमनीत तू शिरतोस कसा, ते सांगते. धमनीच्या आतल्या अस्तरातून तू आरपार जाऊ शकतोस आणि पुष्कळदा परतही येतोस. पण अस्तराखाली प्रथिनं आणि शर्करांचे लांब धागे असतात. तुझ्या एपोबीचा काही भाग त्यांना चिकटतो आणि तू अडकतोस. अडकलास की तुझं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे तू बिघडतोस. बिघडलेल्या तुला उचलायला भक्षक पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या ढिगाऱ्यावर तंतूंचं झाकण तयार होतं. हीच ती गाठ, प्लाक. झाकण जाड राहिलं तर माणूस वर्षानुवर्षं काढतो. ते पातळ होऊन फाटलं की त्यावर रक्त गोठतं, धमनी काही मिनिटांत बंद होते.

हे तू कोणाच्याही अंगात करतोस. आमवात असलेल्या बाईच्या अंगात तुला मदतनीस मिळतात, आणि माझा खरा राग तिथे आहे. सुजलेल्या सांध्यांतून टीएनएफ आणि इंटरल्युकिन-सिक्स ही दाह पेटवणारी रसायनं रक्तात उतरतात. ती बोटांपुरती थांबत नाहीत. त्यांच्यामुळे धमनीचं अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी तिथे धरल्या जातात, तुझं ऑक्सिडीकरण वेगाने होतं. भक्षक पेशींनी गिळलेलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकायची जी व्यवस्था असते, ती दाहामुळे मंदावते. आणि ज्याच्यावर आमचा भरवसा होता, तो ‘चांगला’ म्हणवला जाणारा एचडीएलही फितूर होतो. दाहाच्या काळात यकृत सिरम अमायलॉइड-ए नावाचं प्रथिन भरमसाट बनवतं. ते एचडीएलवर जाऊन बसतं आणि तिथलं उपयोगी प्रथिन हटवतं. मग रिपोर्टात एचडीएलचा आकडा ठीक दिसतो, पण माल परत नेण्याचं आणि तुझं बिघडणं रोखण्याचं त्याचं काम तो नीट करत नाही. शवविच्छेदनांतून असंही दिसलं आहे की आमवाताच्या रुग्णांच्या धमन्यांतल्या गाठी नेहमीच मोठ्या नसतात, पण त्यांत दाह जास्त असतो आणि त्या फुटायला जास्त तयार असतात. म्हणजे धमनी थोडीच अरुंद, आणि घात मात्र पुरता.

वाट अडवली की काय होतं, हे चौकला जुनं ठाऊक आहे. चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. आज थोडेसे अवशेष आणि चिमाजी अप्पांचं स्मारक एवढंच तिथे आहे. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत या ठाण्यासाठी इतकी माणसं का खर्ची पडली, ते तिथे उभं राहिलं की कळतं: खाडीचं तोंड सगळं डोळ्यांसमोर येतं. १७३७ पासून हे ठाणं हातातून गेलं, परत आलं, आणि मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी ते कायमचं घेतलं. मे महिन्यात वसई शरण आली. बुरुजाखाली सुरुंग फुटायच्या आधीच तिची पाण्याची वाट आवळली गेली होती. चिमाजी अप्पांचं शौर्य तुझ्यात नाही. ते समोरासमोर लढले, शत्रूला मानाने बाहेर जाऊ दिलं. तू त्यांच्याकडून एवढंच उचललंस, की रसद येण्याची वाट अडवली की आतली मजबुती कामाला येत नाही. कष्टाने पोलादी झालेलं कोळणीचं शरीर तुझ्यापुढे असंच हतबल होतं.

आता तुझा सर्वांत नीच डाव. आमवात भडकलेला असतो तेव्हा रक्तातलं तुझं प्रमाण वाढत नाही, घटतं. हे पुन्हा सांगते, कारण वाचणाऱ्याला ते उलटं वाटेल: आजार जोरात, सांधे सुजलेले, दाह दाखवणारा सीआरपी चढलेला, आणि एलडीएल मात्र कमी. डॉक्टर याला लिपिड पॅराडॉक्स म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आमवाताच्या रुग्णांत अगदी कमी कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनाही हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. कारणही पुढे कळत गेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आमवाताचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांची तुलना झाली. रुग्णांच्या रक्तातून कोलेस्टेरॉलचा निचरा जास्त वेगाने होत होता, आणि दाह शमवणाऱ्या औषधाने सहा आठवड्यांत तो वेग निरोगी माणसांच्या जवळ आला. आकडा खाली जातो तो तू सुधारलास म्हणून नाही. शरीर पेटलेलं असतं म्हणून तो खाली जातो, आणि त्याच पेटलेल्या शरीरात धमनीची भिंत तुझ्यासाठी उघडी पडलेली असते.

माझ्या आत्याच्या बाबतीत तू हेच केलंस. बारा-तेरा वर्षांचा आमवात, औषधं कधी चालू, कधी बंद. एलडीएल ८८. रिपोर्ट पाहून सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, कागद फाइलमध्ये गेला. पुढे एका सकाळी तिला दम लागला, घाम फुटला, जबडा दुखायला लागला. छातीत कळ नव्हती. ‘गॅस असेल,’ ती म्हणाली, आणि रोजची दुखण्याची गोळी घेऊन बसून राहिली. आमवाताच्या रुग्णांत छातीत दुखण्याची तक्रार कमी आणि नकळत येऊन गेलेले झटके जास्त, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, पण ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ईसीजी झाला तेव्हा हृदयाचा एक भाग कामातून गेलेला होता. आज ती स्टेंटवर आहे, चालते, बोलते, माझ्यावर रागावतेही. पण जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती थांबते, आणि त्या थांबण्याला मी तुला जबाबदार धरते.

ती एकटी नव्हे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात २००३ मध्ये दिसलं की आमवात असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे दुप्पट होता, आणि दहा वर्षांहून जास्त काळ आजार असलेल्यांना तिप्पट. २००८ मध्ये चोवीस अभ्यास, एक लाख अकरा हजारांवर रुग्ण एकत्र पाहिले गेले. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकांपेक्षा दीडपट निघाले. त्यामुळे युरोपातली संधिवात-तज्ज्ञांची संघटना, युलार, आपल्या शिफारशींत सांगते की नेहमीच्या कोष्टकाने काढलेला हृदयधोका आमवाताच्या रुग्णासाठी दीडने गुणावा. हा गुणाकार कितीशा ठिकाणी होतो? सांध्यांचा डॉक्टर सांधे पाहतो, हृदयाचा डॉक्टर हृदय बिघडल्यावर पाहतो, आणि मधल्या जागेत तू निर्धास्त वावरतोस. चौकच्या बाईला तर सांध्यांचा तज्ज्ञ गाठायचा म्हणजे आधी भाईंदर, मग लोकल, आणि दिवसाची विक्री बुडवणं.

तुझी दुसरी फसवणूक उपचार सुरू झाल्यावर चालते. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट लागू पडतं, किंवा टोसिलिझुमॅबसारखं इंटरल्युकिन-सिक्स रोखणारं औषध दिलं जातं, सूज उतरते, मूठ वळायला लागते. आणि पुढच्या रिपोर्टात एलडीएल चढलेलं दिसतं. मग घरातलं शहाणं माणूस म्हणतं, ‘बघ, औषधाने कोलेस्टेरॉल वाढलं, बंद कर.’ औषध बंद होतं, दाह परततो, तुझा आकडा पुन्हा खाली जातो, आणि सगळ्यांना वाटतं बरं झालं. या एका गैरसमजावर तू किती माणसं मारली असशील, याचा मला संताप येतो. टोसिलिझुमॅबची एटानरसेप्ट या आमवातावरच्या दुसऱ्या औषधाशी तुलना करणारी तीन हजारांवर रुग्णांची चाचणी झाली आहे. टोसिलिझुमॅबने एलडीएल वाढवलं, पण हृदयविकाराच्या घटना दुसऱ्या औषधापेक्षा ठळकपणे वाढलेल्या दिसल्या नाहीत. वाढलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष करावं असा याचा अर्थ नाही. दाहाचं औषध चालू ठेवून तुझा बंदोबस्त वेगळा करायचा, असा आहे. सगळी औषधं या बाबतीत सारखी नाहीत, हेही खरं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पन्नाशीपुढच्या आणि हृदयधोका असलेल्या रुग्णांत टोफासिटिनिब या आमवातावरच्या औषधावर अशा घटना तुलनेतल्या औषधांपेक्षा जास्त आढळल्या. म्हणून औषध निवडणं आणि बदलणं डॉक्टरांशी बोलून व्हावं, शेजारणीच्या अनुभवावरून नाही.

तुझा बंदोबस्त होतो, हे तुला ठाऊक आहे. जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी पेशींवर तुला पकडणारा ग्राहक-रेणू शोधला, त्याबद्दल १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. स्टॅटिन दिलं की यकृत असे ग्राहक जास्त उभे करतं आणि तुला रक्तातून ओढून घेतं. आमवाताच्या रुग्णांतही ते चालतं का, हे पाहायला ब्रिटनमध्ये जवळजवळ तीन हजार रुग्णांवर ‘ट्रेस आरए’ ही चाचणी झाली, दिवसाला ४० मिलिग्रॅम अॅटोरव्हास्टॅटिन देऊन. घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्या, चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्यांत हृदय-धमन्यांच्या घटना ३४ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण संख्या अपुरी राहिल्याने संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक पक्का ठरला नाही. एलडीएल मात्र निःसंशय उतरलं, आणि गोळीचा त्रास खोट्या गोळीपेक्षा जास्त आढळला नाही. मी एवढं प्रामाणिकपणे लिहिते, कारण तुझ्याविरुद्धचा खटला फुगवून सांगायची गरज नाही. तो आहे तेवढाच पुरेसा मजबूत आहे.

दाहाचा गुन्ह्यातला वाटाही वेगळा सिद्ध झाला आहे. २०१७ च्या ‘कॅन्टॉस’ चाचणीत दहा हजारांवर हृदयरुग्णांत दाहाचं एक रसायन अडवणारं औषध तपासलं गेलं. तुझ्या संख्येला त्याने हात लावला नाही, तरीही एका मात्रेत हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे तू आणि दाह, दोघांनाही वेगवेगळं पकडावं लागेल. एकाला सोडून दुसऱ्याला धरलं तर काम अर्धंच होतं.

तेव्हा चौकच्या, उत्तनच्या, पालीच्या, डोंगरीच्या आणि हे वाचणाऱ्या सगळ्या घरांतल्या बायांना मी तुझ्यासमोरच सांगते आहे. मावशी, आजार भडकलेला असतानाचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट शेवटचा मानू नका. सांधे शांत झाले की तो पुन्हा करून घ्या. उपाशीपोटी जाणं बहुतेक वेळा लागत नाही, म्हणून बाजाराचा दिवसही बुडणार नाही. एपोबीची तपासणी परवडली तर एकदा करा. नाही परवडली तर हातातल्या रिपोर्टातल्या एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. त्यात या कणाचे सगळे धोकादायक भाऊबंद येतात, आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलात तर आमवात आहे हे आधी सांगा, सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलात तर घरात कोणाला लवकर झटका आला होता का ते सांगा. स्टेरॉइडची गोळी मनाने वाढवू नका आणि मनाने तोडूही नका. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊ नका, त्यातल्या बऱ्याच हृदयाला आणि मूत्रपिंडाला जड जातात. मशेरी सोडा. दम, घाम, जबड्याची किंवा वरच्या पोटाची कळ आली तर गॅसची वाट पाहत बसू नका, त्याच तासाला ईसीजी करायला लावा.

आणि कणा, तुला शेवटचं. आत्याचं मेथोट्रेक्सेट आता एकही आठवडा चुकत नाही, सोमवार ठरलेला आहे आणि तो मी पाळते. स्टॅटिन रोज रात्री. सीआरपी खाली आला आहे. पुढच्या महिन्यात तिचं एपोबी करायचं ठरलं आहे. तू वाहिलेल्या मालाचं वजन बघून या वेळी आम्ही परत फिरणार नाही, तुझी डोकी मोजणार आहोत. ती जास्त निघाली तर गोळीचा डोस वाढेल, तेवढ्याने भागलं नाही तर एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडली जाईल. डॉक्टरांशी बोलणं झालेलं आहे.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
चौकची एक भाची